हात कोणी घातला होता?

आमच्या घरी दुरुस्तीला आलेल्या कॉम्प्युटरला आधी टिचकी मिळते, वीज नंतर. पुढच्या खोलीतल्या लांब टेबलावर हे तो डबा चढवतात, खुर्ची ओढून बसतात, मान तिरकी करतात आणि डब्याच्या कुशीत एक टिचकी मारतात. मग डोळे मिटून ऐकतात. काय ऐकू येतं ते त्यांनाच ठाऊक. मला तर लग्न झाल्यापासून पत्र्याच्या आवाजाशिवाय काही ऐकू आलेलं नाही. गल्लीतली पोरं ह्यांना टिचकीकाका म्हणतात. पोरंच कशाला, त्यांचे आईबापही म्हणतात. ह्यांना राग येत नाही, उलट मनातून गुदगुल्या होतात.

टिचकी झाली की पुढचा प्रश्न ठरलेला.

"हात कोणी घातला होता?"

बस्स, एवढंच. आवाज चढवत नाहीत, पण समोरच्याची बोबडी वळते. एकदा एक दातांचे डॉक्टर मशीन घेऊन आले, चांगले सुटाबुटातले. "छे हो, कोणीच नाही," म्हणाले. ह्यांनी नुसतं बघितलं त्यांच्याकडे. थोड्या वेळाने डॉक्टर खाली मान घालून म्हणाले, "आत जरासा कचरा दिसला, म्हणून आमच्या दात कोरायच्या आकड्याने काढायला गेलो." त्यांच्या खुर्चीत पेशंट बसत असेल तसे ते आमच्या खुर्चीत बसले होते, अंग चोरून. मी आत जाऊन तोंड दाबून हसले.

ह्यांचं म्हणणं असं की मशीन आपणहून बिघडत नाही. कोणीतरी नको तिथे बोट घालतं आणि मग साळसूद चेहरा करून दुरुस्तीला आणतं. खरं सांगायचं तर बहुतेक वेळा तसंच निघायचं. तिथेच तर सगळं फसलं. सारखं आपलंच खरं ठरत गेलं की माणसाला दुसरं काही सुचेनासंच होतं.

हे कुठल्या कॉलेजात शिकलेले नाहीत. एका जिन्याखालच्या टीचभर जागेत रेडिओ दुरुस्त करायचे, तिथून सुरुवात. मग टेप, मग टीव्ही. पुढे टीव्ही पातळ झाले, बिघडला की लोक टाकून द्यायला लागले, तेव्हा ह्यांच्या बरोबरीच्या कित्येकांनी दुकानाला कुलूप लावलं. ह्यांचे केस पिकायला लागले होते, पण विशीतल्या पोरांच्या शेजारी बाकावर बसून हे कॉम्प्युटर शिकले. पोरं हसायची. हे घरी येऊन जेवताना ताटातच मदरबोर्ड मांडायचे, वाटी म्हणजे हे, मीठ म्हणजे ते. मी म्हणायची, "अहो, तो प्रोसेसर निवतोय, आधी जेवून घ्या." त्या माणसाचा मला अभिमान आहे, हे आधीच सांगून ठेवते. पुढे जे सांगणार आहे त्यात तो फारसा दिसायचा नाही.

आता ह्यांची एक खास पद्धत. मोठमोठी चित्रं काढणाऱ्या मशीनमध्ये एक जाडजूड कार्ड असतं, पंखे लावलेलं, जवळजवळ विटेएवढं. पडद्यावरच्या चित्रांचं सगळं ओझं तेच उचलतं. त्याच्या एका कडेला सोनेरी दातांची ओळ असते. ते दात मदरबोर्डावरच्या खाचेत बसले की मशीनला कार्ड दिसतं. असं मशीन गाडीतून न्यायचं असलं तर बाकीचे दुकानदार तसंच उचलून देतात. आमचे हे नाही. जड कार्ड धक्क्यांनी लोंबकळतं आणि खाच दुखावते, म्हणून हे ते बाहेर काढतात. दातांना घामट बोटं आणि धूळ लागू नये म्हणून त्यांच्यावर पातळ, पारदर्शक चिकटपट्टी लावतात. मग फुगेवाल्या प्लास्टिकात गुंडाळतात, गिऱ्हाइकाच्या घरी स्वतः जातात, पट्टी सोलतात आणि कार्ड बसवून देतात. अख्ख्या बाजारात असं दुसरं कोणी करत नाही. "आले पट्टीवाले," म्हणून बाकीचे टिंगल करतात. हे म्हणतात, "करू देत. मी बसवलेलं कार्ड हललेलं दाखवा म्हणावं."

आमच्या मुलीचं लग्न झालं, मानाचं काम करते, तरी ती आमच्यासाठी छकुलीच. अजून बांधल्या न गेलेल्या इमारतींची ती चित्रं काढते. चित्रात खिडकीतून ऊन आलेलं असतं, सोफ्यावर मांजर झोपलेलं असतं, आणि खऱ्या जागेवर नुसता खड्डा. त्या कामाचं मशीन ह्यांनी स्वतः जोडून दिलं. दर वर्षी ते मशीन माहेरपणाला येतं. छकुलीला यायला जमो न जमो, ते येतं. हे त्याला पोटच्या पोरीसारखं पुसूनपासून परत नेऊन बसवतात.

जावईबापू चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असतात. चष्म्याची काडी गरम करून वाकवायची, गिऱ्हाइकाच्या कानामागे नीट बसवायची, असं काम. स्वभावाने गरीब, कधी आवाज नाही. वडील लहानपणीच गेले. आमच्या विहीणबाईंनी शिवणक्लास चालवून एकटीने वाढवलं त्यांना. लग्नानंतर ह्यांना पहिल्यांदा "बाबा" म्हणाले तेव्हा अडखळले होते. तोंडाला त्या शब्दाची सवयच नव्हती. मग जी सवय लागली ती विचारू नका. घरात खिळा ठोकायचा तरी "बाबांना विचारू." छकुली चिडवायची, "तू माझ्याशी नाही, बाबांशी लग्न केलंयस."

डोळे तपासायचा कोर्स करायचं त्यांच्या कधीपासून मनात होतं. म्हणजे मग काउंटरवरून उठून आतल्या खोलीत जायचं, अक्षरांचा तक्ता असतो त्या. यंदा एकदाचा प्रवेश मिळाला. ते सांगायला दोघं आमच्याकडे आले, जेवायला बसलो, आणि जावईबापू हौसेने म्हणाले, "बाबा, शिकून झालं की पहिले डोळे तुमचे तपासणार. हल्ली तुम्ही स्क्रू शोधताना टेबल चाचपता, माझं लक्ष आहे."

माझा घास हातातच राहिला. कारण माझंही लक्ष होतं. कार्डावरचे बारीक आकडे हे मला वाचायला लावायचे. "माझे हात खराब आहेत, तू बघ गं," म्हणायचे, आणि हात असायचे अगदी स्वच्छ. मी ओळखून होते, पण ह्यांच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवायची माझी हिंमत नव्हती. जावईबापूंनी नेमकं तिथेच ठेवलं. ह्यांच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! "चष्मे विकणाऱ्याला सगळं जग आंधळंच दिसणार," म्हणाले. जावईबापू हसले. विषय ताटाबरोबर उठला, पण ह्यांच्या मनातून काही गेला नाही.

त्यानंतर काही दिवसांनी मशीनची साफसफाई झाली आणि ते परत बसवायला आम्ही दोघं छकुलीकडे गेलो. छकुली मीटिंगला बाहेर गेली होती. तिच्या कामाचं टेबल खोलीच्या आतल्या कोपऱ्यात, तिथे भरदिवसा अंधार. हे डबा उघडून वाकले तसे जावईबापू मोबाईलची बॅटरी लावून पुढे आले.

"बाबा, उजेड धरतो."

"नको. मला दिसतंय."

"थोडासा धरतो, म्हणजे..."

"म्हटलं ना, दिसतंय मला!"

बिचाऱ्यांनी बॅटरी विझवली आणि मागे होऊन उभे राहिले. ह्यांनी प्लास्टिक सोडलं, चाचपत कार्ड बसवलं, चाचपतच मागे मॉनिटरची वायर खोचली. चालू केल्यावर कार्डाचे पंखे गरगर फिरले, पडद्यावर चित्र आलं. ह्यांनी डब्याला टिचकी मारली, चहा घेतला आणि आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी छकुलीचा फोन. "बाबा, मशीनला कार्डच दिसत नाहीये. माझा चित्रांचा प्रोग्रॅम उघडायलाच तयार नाही. ह्या आठवड्यात काम द्यायचंय हो."

"हात कोणी घातला होता?"

"कोणी नाही. म्हणजे, आज सकाळी ह्याने टेबल खिडकीकडे सरकवलं, मला उजेड यावा म्हणून. एवढंच."

"मशीन चालू असताना?"

"बंद होतं. असावं."

'असावं' म्हटल्यावर ह्यांचे कान टवकारले. मग फोनवरूनच तपासणी सुरू झाली. बंद करून चालू कर, केलं. कार्ड चालवणारा जुना ड्रायव्हर काढून नवा टाक, तर मशीन म्हणे कार्डच नाही, कोणासाठी टाकू. शेवटी हे म्हणाले, "मॉनिटरची वायर मागे कुठे लावलीये बघ. वर मदरबोर्डात की खाली कार्डात?"

"वर."

"वर? मी नेहमी खाली कार्डात लावतो. वर कोणी लावली?"

छकुलीला काय माहीत! तिने वायर काढून खाली लावली आणि पडदा काळाठिक्कर पडला. ती किंचाळलेली मला स्वयंपाकघरात ऐकू आली. ह्यांनी फोन ठेवला आणि एखादा चोर सापडावा तसे म्हणाले, "टेबल ढकललं आणि वायरही बदलली. चष्मेवाल्याने हात घातलाय."

संध्याकाळी आम्ही तिथे पोचलो तेव्हा विहीणबाईंचा क्लास चालू होता. बाहेरच्या खोलीत मुली सतरंजीवर कापड पसरून कापत बसल्या होत्या. आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. ह्यांनी डबा उघडला, कार्ड वरून दाबून पाहिलं, घट्ट होतं. कार्डाला जाणारी विजेची जादा वायर ओढून पाहिली, पक्की होती. पंखे फिरत होते. मॉनिटरची वायर परत वर लावून मशीनच्या आतल्या सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं, तिथेही ती खाच रिकामीच दाखवत होतं. समोर कार्ड धडधडीत बसलंय, आणि मशीन म्हणतंय घरात कोणी नाही! हे घामाघूम झाले. उपाय सापडला नाही की ह्यांना माणूस लागतो.

"जावईबापू, वायर का बदललीत?"

"मी नाही बदलली, बाबा."

"मग काय भुताने बदलली? टेबल तुम्हीच ढकललंत ना? धक्का बसला आणि कार्ड गेलं. चष्म्याच्या काड्या वाकवण्याइतकं सोपं नसतं हे. आपल्याला ज्यातलं कळत नाही त्यात हात घालू नये माणसाने!"

बाहेर कात्र्या थांबल्या. मी ह्यांना कोपराने ढोसलं, पण कसलं काय! "लाख वेळा सांगितलंय की मशीनला मी सोडून कोणी हात लावायचा नाही," हे चालूच. स्वतःच्या घरात, स्वतःच्या आईसमोर, शिकायला आलेल्या परक्या मुलींसमोर त्या माणसाला बोलणी बसत होती. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. विहीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या मुलाला म्हणाल्या, "काय केलंस ते खरं सांग."

जावईबापूंनी टेबलाच्या पायांकडे बघितलं. मग म्हणाले, "चुकलं माझं, बाबा. टेबल जोरात ओढलं असेन."

ह्यांना तेवढंच हवं होतं. घरच्या मशीनमध्ये घालून बघतो म्हणून कार्ड उपटलं, रागाच्या भरात तसंच प्लास्टिकात गुंडाळलं आणि निघाले. आम्हाला कोणी चहा विचारला नाही. छकुली दारापर्यंतसुद्धा आली नाही.

सकाळी तिचा फोन मला आला. आवाज बसलेला. "आई, काल मी ह्याला वाट्टेल ते बोलले गं. माझं काम अडलंय आणि हा नुसता 'चुकलं, चुकलं' करतोय. आता म्हणतो, कोर्सला नाही जात यंदा. त्या पैशात नवं कार्ड आणतो, नुकसान मी केलंय तर मीच भरणार. आज फी भरायचा शेवटचा दिवस आहे, आणि हा दुपारी दुकानातून येऊन तसाच कार्ड आणायला निघणार आहे. यंदाचा प्रवेश गेला की परत कधी मिळायचा?" मी म्हटलं, "जरा थांबव त्यांना." ती म्हणाली, "ऐकेल तर ना."

मी पुढच्या खोलीत गेले. हे जुनं मशीन उघडून बसले होते, कालचं कार्ड शेजारी पडलेलं. कुठलीही वस्तू मशीनमध्ये घालण्याआधी मी तिच्यावरून ब्रश फिरवून द्यायचा, अशी आमची वाटणी आहे. मी कार्ड उचललं, ब्रश फिरवायला लागले, आणि दातांवर तो नीट फिरेना. घसरत होता.

"अहो, काल निघताना दातांना पट्टी लावली होतीत का?"

"नाही. काल कसली पट्टी! का गं?"

मी कार्ड खिडकीपाशी नेलं. उन्हात धरलं तर दातांच्या आधी त्यांच्यावरची पट्टी चमकली. टोकापासून टोकापर्यंत लावलेली, एका कडेला बारीकसा बुडबुडा. मशीन परत न्यायच्या वेळी ह्यांनी घरी लावलेली ती पट्टी. ती न सोलताच ह्यांनी कार्ड खाचेत बसवलं होतं. विजेची वायर वेगळी असते, म्हणून पंखे फिरत होते, आणि मॉनिटरची वायर वर मदरबोर्डात होती, म्हणून पडद्यावर चित्र येत होतं. दातांवर मात्र पट्टी, मग मशीनला कार्ड दिसणार कुठून?

मी ह्यांचं बोट धरलं आणि दातांवरून फिरवलं.

ते बोट मधेच थांबलं. परत मागे गेलं. परत पुढे आलं. मग ह्यांनी नखाने एक कड उचकटली आणि पट्टी सोलली. निघाली ती अख्खी निघाली. हे ती बोटावर चिकटलेली पट्टी डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिले, मग दूर धरून बघितली. मी म्हटलं, "घालून तर बघा." कार्ड मशीनमध्ये घातलं, चालू केलं, आणि मशीनने ते लगेच ओळखलं. दुसऱ्या कुठल्या दिवशी हे खुर्चीतून उठून नाचले असते. त्या दिवशी टिचकीसुद्धा मारली नाही.

"वायरही मीच वर लावली असणार," हे हळूच म्हणाले. मी विचारलंही नव्हतं. "अंधारात भोक सापडलं तिथे खोचली असेन."

माझा राग निम्मा तिथेच उतरला होता, पण पुढच्या वाक्याने परत चढला. म्हणाले, "मी जाऊन बसवून येतो. खाचेत धूळ होती म्हणून सांगतो. काम झाल्याशी कारण."

"धूळ? कुठली धूळ? स्वतःच्या हाताने झाडून पुसून नेलेल्या मशीनमध्ये धूळ? आणि त्या बापड्याने काल चारचौघांत मान खाली घातली, ती काय धुळीपायी?" मी कोर्सचं सगळं सांगितलं. फी भरायचा आज शेवटचा दिवस, आणि ते पैसे घेऊन जावईबापू दुपारी कुठे निघालेत तेही सांगितलं. ऐकता ऐकता ह्यांचा चेहरा उतरत गेला. तोंडावरून हात फिरवत म्हणाले, "तू कर ना छकुलीला फोन. तू नीट सांगशील."

"मी नाही करायची. माझ्या तोंडून गेलं तर ती तुमची चुगली होईल. काल बोलताना मला विचारलं होतंत? आता निस्तरायला बरी आठवण झाली माझी."

"अगं, कोणत्या तोंडाने जाऊ?"

"ह्याच! दुसरं आणायला आता वेळ नाही."

शर्ट बदलताना ह्यांनी गुंड्या खालीवर लावल्या. मीच त्या नीट केल्या. लहान मुलासारखे उभे होते. माझ्या मनात आलं, एवढा मोठा माणूस, सगळी गल्ली ज्याला मान देते, तो आज एका पट्टीने केवढासा झालाय. कीव आली, पण मी ती तोंडावर दिसू दिली नाही. दिसली असती तर हे जिन्यातूनच परत फिरले असते.

गाडीत कार्ड मांडीवर घेऊन बसले होते. एकदा म्हणाले, "आधी कार्ड बसवतो, मशीन चालू झालं की मग सांगतो. सगळे खुशीत असतील." मी म्हटलं, "आधी सांगायचं." परत थोड्या वेळाने, "आणि क्लासच्या मुली असल्या तर?" मी म्हटलं, "काल होत्याच की."

आम्ही पोचलो तेव्हा जावईबापू दारात खाली बसून बूट घालत होते. खांद्याला पिशवी अडकवलेली, निघण्याच्याच तयारीत. आम्हाला बघून उठायला लागले, एक बूट पायात, एक हातात. आत विहीणबाईंच्या शिलाईच्या मशीनची घरघर चालू होती, मुली कालच्याच जागी कापड पसरून बसलेल्या. हे उंबऱ्यात घुटमळले. मी मागे उभी होते, तिथून ह्यांचे लाल झालेले कान दिसत होते.

"विहीणबाई," हे म्हणाले, "जरा मशीन थांबवता? मुलींनो, तुम्हीही ऐका. काल तुम्ही इथे होतात."

घरघर थांबली. छकुलीही आतून दारात आली. ह्यांचा आवाज असा चिरकला की मलाच रडू येईल की काय वाटलं.

"हात मी घातला होता."

कोणालाच काही कळलं नाही. ह्यांनी हातातलं कार्ड वर धरून दाखवलं. "कार्ड बसवताना दातांवरची पट्टी काढायची असते, ती मी काढलीच नाही. वायरही मीच चुकीच्या ठिकाणी लावली. कार्ड चांगलं आहे. त्याला धक्काबिक्का काही बसलेला नाही. जावईबापूंनी काही केलेलं नाही. मी त्यांना त्यांच्या घरात, तुमच्या सगळ्यांच्या देखत बोललो. माझं चुकलं. फार चुकलं."

बोलून झाल्यावर हातातल्या कार्डाचं काय करावं ते ह्यांना सुचेना. छातीशी धरून तसेच उभे राहिले. मी वाट बघत होते, कोणीतरी म्हणेल, जाऊ द्या हो, होतं असं. कोणी म्हणालं नाही. विहीणबाईंनी तर ह्यांच्याकडे बघितलंही नाही. त्या मुलाला म्हणाल्या, "मग काल तू चुकलं का म्हणालास? टेबल जोरात ओढलं म्हणालास."

जावईबापू हातातल्या बुटाची नाडी बोटाला गुंडाळत होते. "हळूच सरकवलं होतं, आई. पण बाबा म्हणाले ना. बाबा म्हणतात म्हणजे आपल्याच हातून झालं असणार, असं वाटलं. मी रात्रभर आठवत होतो, कुठे धक्का लागला ते. मग मला खरंच वाटायला लागलं, की लागला होता."

हे मटकन खाली बसले, तिथेच, मुलींच्या बुटक्या स्टुलावर. शिव्या खाल्ल्या असत्या तर सोसल्या असत्या ह्यांनी. हे काही सोसवलं नाही. ह्यांची मान जी खाली गेली ती वर येईना, आणि मीही कोणाकडे बघू शकेना. छकुली डोळे पुसत नवऱ्याजवळ जाऊन उभी राहिली. बापाजवळ आली नाही, आणि ते बरोबरच केलं तिने.

शेवटी विहीणबाईच म्हणाल्या, "बसलात काय? लावून द्या ते कार्ड. ह्याला फी भरायला जायचंय." आणि त्यांनी शिलाईचं मशीन परत चालू केलं.

हे उठून आतल्या खोलीत गेले. टेबल अजून खिडकीपाशीच होतं, जावईबापूंनी सरकवलेलं, तिथे लख्ख ऊन होतं. हे कार्ड घेऊन डब्यावर वाकले, खाचेच्या वर नेलं, आणि थांबले. परत सरळ झाले. दारात जावईबापू उभे होते, अजून एकाच पायात बूट. ह्यांनी कार्ड त्यांच्यापुढे धरलं.

"आधी तुम्ही बघा. दातांवर काही राहिलंय का ते. मला दिसत नाही."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी ह्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. जावईबापूंनी तो एक बूटही पायातून काढला आणि जवळ आले. एवढं ऊन असूनही खिशातून मोबाईल काढला.

"थांबा बाबा, उजेड धरतो," म्हणाले.

हे नको म्हणाले नाहीत. मान मात्र वर केली नाही.